विज्ञानकथा : परिभाषा आणि परीक्षा

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पारितोषिकास पात्र ठरली. प्रवेशिकेवर लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. या नावाचा कथालेखक कोणाच्याच परिचयाचा नव्हता. पुढे उलगडा झाला तो असा, की ‘ना. वि. ज.’ ही आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली म्हणजे ‘ज. वि. ना.’, अर्थात जयंत विष्णु नारळीकर, हे नाव हाती लागते. खगोलशास्त्रज्ञ म्हणून लाभलेल्या आपल्या ख्यातीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, कथेचे मोल कथा म्हणूनच व्हावे, यासाठी त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. पुढच्याच वर्षी कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली.

तेव्हापासून ‘विज्ञानकथा’ हा शब्द मराठीत चांगलाच रुळला. इतका, की तो आज वाटेल त्या लेखनाला लावला जातो. पांढरा अंगरखा घातलेला एखादा शास्त्रज्ञ, चार-दोन लुकलुकणारे दिवे आणि शेवटी एक स्फोट एवढे साहित्य जमले, की झाली विज्ञानकथा, असा समज लेखकांत आहे आणि वाचकांतही आहे. म्हणूनच या वाङ्मयप्रकाराची परिभाषा नीट समजून घेणे अगत्याचे ठरते. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ अशा कथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यानंतरच्या काळात समीक्षकांनी या प्रकाराची अनेक उपप्रकारांत विभागणी केली. ही नावे पुस्तकांच्या दुकानातील फळ्यांना लावण्याच्या चिठ्ठ्या आहेत असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः प्रत्येक नाव एक करार सांगते. ज्ञात विज्ञानाच्या बाबतीत लेखकाने किती सूट घेतली आहे आणि ती कोणत्या बोलीवर घेतली आहे, हे त्या नावावरून वाचकाला कळावे, अशी अपेक्षा असते.

अद्भुत आणि शक्य

अद्भुताचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. भागवत पुराणातील ककुद्मी राजाची कथा प्रसिद्ध आहे. रेवती या आपल्या कन्येसाठी वर सुचवावा म्हणून राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे गंधर्वांचे गायन चाललेले असते. ते संपेपर्यंत तो थांबतो. मग ब्रह्मदेव हसून सांगतो, की या अल्पावधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली आहेत आणि राजाने मनात योजिलेले वर केव्हाच काळाच्या उदरात गडप झाले आहेत.

आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्या प्रवाशाचे घड्याळ मंद चालते. प्रकाशाच्या नव्याण्णव टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष सरले, तर पृथ्वीवर सुमारे सात वर्षे उलटलेली असतील. या आधारावर रचलेल्या कथेतही नायक परत येतो आणि आप्तेष्ट म्हातारे झालेले किंवा निवर्तलेले पाहतो. दोन्ही कथांतील घटना एकच, दुःखही एकच. फरक आहे तो कारणाचा. पुराणात काळ सरतो तो ब्रह्मलोकाच्या महिम्याने. त्याचा हिशेब कोणी मागत नाही आणि मागूही नये. विज्ञानकथेत मात्र वेग किती, अंतर किती, हे वाचक विचारू शकतो आणि उत्तर चुकले तर लेखकाला धारेवर धरू शकतो.

हा भेद विसरला गेल्यामुळे आपल्याकडे एक विचित्र गोंधळ माजला आहे. पुष्पक विमान हे प्राचीन विमानविद्येचे प्रमाण म्हणून सांगितले जाते आणि पुराणांना जगातील पहिल्या विज्ञानकथा ठरविले जाते. असे करणे हा पुराणांचा गौरव नव्हे. जी कथा श्रद्धेच्या आणि काव्याच्या बळावर समर्थपणे उभी आहे, तिला प्रयोगशाळेच्या दारात प्रमाणपत्रासाठी उभे करण्यात तिचाही अपमान आहे आणि विज्ञानाचाही.

आधुनिक भारतीय विज्ञानकथेच्या आरंभीचे एक उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जगदीशचंद्र बसू यांनी १८९६ साली ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकाने ठेवलेल्या कथास्पर्धेसाठी एक बंगाली कथा लिहिली. समुद्रात उठलेले वादळ केशतेलाची बाटली ओतून शमविले जाते, अशी तिची गमतीदार कल्पना आहे. तेलाचा पातळ थर पाण्याच्या पृष्ठताणावर परिणाम करतो आणि लाटा काही प्रमाणात शांत करतो, ही गोष्ट खरी. बाटलीभर तेलाने वादळ निवावे, ही घेतलेली सूट. खऱ्याचा धागा कोठे संपतो आणि कल्पनेचा कोठे सुरू होतो, हे येथे बोट ठेवून दाखविता येते. पुढे तीच कथा ‘पलातक तुफान’ या नावाने सुधारून प्रसिद्ध झाली.

व्हर्नची तोफ आणि वेल्सचा धातू

ज्या कथेत विज्ञानाचे तपशील काटेकोरपणे सांभाळलेले असतात, तिला इंग्रजीत ‘हार्ड’ आणि जिचा भर माणसावर व समाजावर असतो, तिला ‘सॉफ्ट’ असे म्हणतात. ‘कठीण’ आणि ‘मऊ’ ही भाषांतरे हास्यास्पद होतील. ‘काटेकोर’ आणि ‘समाजलक्ष्यी’ असे शब्द योजणे अधिक बरे. हा वाद जुना आहे. ज्यूल व्हर्न यांनी आपल्या कादंबरीतील प्रवाशांना तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडले. एच. जी. वेल्स यांनी त्यासाठी गुरुत्वाकर्षण रोखणारा एक काल्पनिक पदार्थ योजिला. आपण भौतिकशास्त्राचा आधार घेतो, वेल्स मात्र मनाने शोध लावतात. तो धातू त्यांनी एकदा दाखवावा, अशी व्हर्न यांची तक्रार होती.

तक्रार रास्त होती, पण ती करणाऱ्याची तोफही निर्दोष नव्हती. तिची नळी नऊशे फूट लांब होती. एवढ्या अंतरात सेकंदाला अकरा किलोमीटर वेग गाठायचा, तर गोळ्यातील माणसांवर पृथ्वीच्या आकर्षणाच्या वीस हजार पटींहून अधिक जोर पडेल आणि नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच त्यांचा चेंदामेंदा होईल. तरीही व्हर्न यांची कथा काटेकोर प्रकारातच मोडते. कारण तिची चूक दाखविता येते, आकड्यांनी सिद्ध करता येते. वेल्स यांच्या धातूची चूक दाखविण्याची सोयच नाही.

काटेकोर प्रकाराचा नमुना म्हणून फ्रेड हॉइल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या १९५७ च्या कादंबरीचा उल्लेख करावा लागेल. हॉइल हे स्वतः नामवंत खगोलशास्त्रज्ञ आणि केंब्रिज येथे नारळीकरांचे गुरू. वायू आणि धूलिकणांचा एक प्रचंड मेघ सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये येतो. त्याचे वस्तुमान आणि येण्याची वेळ शास्त्रज्ञ कशी काढतात, हा गणिताचा भागच या कादंबरीत उत्कंठेचा विषय होतो. तो मेघ सचेतन आहे ही सूट नंतर घेतली जाते आणि तोवर वाचकाचा विश्वास लेखकाने कमावलेला असतो.

विज्ञानकथा भविष्य वर्तविते, असेही वारंवार सांगितले जाते. दळणवळणाच्या उपग्रहांची कल्पना आर्थर क्लार्क यांनी कथेत आधीच मांडली होती, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. परंतु सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहांची ती योजना क्लार्क यांनी १९४५ साली मांडली ती एका तांत्रिक नियतकालिकातील लेखात, कथेत नव्हे. विज्ञानकथा ही ज्योतिषाची शाखा नव्हे आणि भाकिते खरी ठरणे ही तिची कसोटीही नव्हे.

समाजलक्ष्यी कथेत ‘युटोपिया’ म्हणजे आदर्शलोक आणि ‘डिस्टोपिया’ म्हणजे अनिष्टलोक असे दोन ठळक प्रवाह आहेत. पहिला शब्द टॉमस मोर यांच्या १५१६ च्या ग्रंथातून आला. दुसऱ्याची सर्वांत परिचित उदाहरणे म्हणजे ऑल्डस हक्सली यांची १९३२ ची आणि जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ ची कादंबरी. परंतु भारतीय वाचकाने आधी बेगम रुकैया यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही १९०५ सालची इंग्रजी कथा वाचावी. तीत स्त्रियांचे राज्य आहे. सूर्याची उष्णता साठवून वापरली जाते, ढगांतून पाणी काढून घेतले जाते आणि पुरुष पडद्याआड, घरात बसविलेले आहेत. शोध दोनच, पण त्यांच्या आधाराने पडदा पद्धतीचा फोलपणा असा उघडा पडतो, की शंभर व्याख्यानांनी पडणार नाही.

अंतराळातील लढायांच्या कथा आणि १९८४ च्या ‘न्यूरोमॅन्सर’ या कादंबरीमुळे गाजलेला, संगणकाच्या जाळ्यात जगणाऱ्यांचा ‘सायबरपंक’ हा प्रकार, यांचा येथे केवळ नामनिर्देश पुरेसा आहे. सायबरपंकला मराठी शब्द नाही आणि त्यावाचून फारसे अडलेलेही नाही.

यंत्रमानव

‘रोबो’ या शब्दाची कुळकथा मात्र सांगण्यासारखी आहे. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने तो जगाला दिला. सुचविला तो त्यांचे बंधू जोसेफ यांनी. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार. आपण त्यासाठी ‘यंत्रमानव’ हा शब्द केला आणि त्यात ही वेठ हरवली. शिवाय चापेक यांचे रोबो लोखंडी यंत्रे नव्हतेच; ते कृत्रिम जीवद्रव्यापासून घडविलेले कामकरी होते आणि अखेर त्यांनी बंड केले. मालक आणि राबणारा यांचे नाते हा त्या नाटकाचा विषय होता.

आयझॅक ॲसिमॉव्ह यांनी १९४२ मध्ये यंत्रमानवांसाठी तीन नियम मांडले : माणसाला इजा करू नये वा होऊ देऊ नये, त्याची आज्ञा पाळावी आणि स्वतःचे रक्षण करावे, यांत आधीचा नियम नंतरच्याहून श्रेष्ठ. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत हे नियम तोडगा म्हणून पुढे केले जातात, तेव्हा ते मांडणाऱ्याने कथा वाचल्या नसाव्यात असे वाटते. ॲसिमॉव्ह यांच्या बहुतेक यंत्रमानवकथा उभ्या आहेत त्या या नियमांतील फटींवर. नियम निर्दोष दिसतात आणि तरीही पेच पडतो. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतील यंत्रमानवाचे नावही असेच सूचक आहे. तीन पावले जमीन मागणारा बटू मराठी वाचकाला ठाऊक असतो, त्यामुळे धोक्याची जाणीव लेखकाला वेगळी करून द्यावी लागत नाही. पुराणाचा विज्ञानकथेत असा उपयोग करणे सर्वस्वी उचित होय.

विश्वासरावांना चुकलेली गोळी

घडलेल्या इतिहासात एकच बदल कल्पून पुढचा घटनाक्रम रचणाऱ्या कथेला पर्यायी इतिहासाची कथा म्हणतात. फिलिप डिक यांच्या १९६२ च्या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान विजयी झालेले आहेत. मराठी माणसाला असा प्रश्न पडावा तर तो एकच. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत नारळीकरांनी तो थेट विचारला आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, की जेथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निसटली आणि मराठे जिंकले. पुण्याहून मुंबईस येताना पंतांना दिसते, की ईस्ट इंडिया कंपनी अद्याप मुंबईत नांदत आहे, पण तिचे राज्य देशभर कधी पसरलेच नाही. सामान्य लेखकाने येथे अटकेपार झेंडे फडकवून वाचकाला सुखावले असते. नारळीकरांनी तो मोह टाळला आहे. आझाद मैदानावरील सभेत रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून पंत व्याख्यानास उभे राहतात आणि श्रोत्यांचा मार खातात. विजयी महाराष्ट्रातही त्यांची विद्वत्ता कोणाला नको आहे. आपल्या जगात परतल्यावर त्यांच्या खिशात उरते ते बखरीचे एक फाटलेले पान, आणि त्यावर गोळी चुकल्याचा मजकूर असतो.

हे पान हा पुरावा आहे, म्हणून ही विज्ञानकथा आहे. पंतांना स्वप्न पडले असे म्हणून लेखकाला सुटता आले असते. त्याऐवजी अणूंच्या पातळीवर निसर्ग एकच निश्चित उत्तर देत नाही, अनेक शक्यता संभवतात, या पुंजभौतिकीतील विचाराचा आधार एका शास्त्रज्ञ पात्राच्या तोंडून दिला आहे. तो विचार अणूंवरून सैन्यांपर्यंत ताणणे ही कथेतील सूट. एकच, आणि उघडपणे मागून घेतलेली. या कथेतून विज्ञान वजा केले तर केवळ हळहळ उरते, आणि पानिपतावरील हळहळीला मराठीत तोटा कधीच नव्हता.

व्हर्न यांचीच चंद्रयात्रा ‘चंद्रलोकाची सफर’ या नावाने १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकातून मराठीत आली होती. भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी हा प्रवाह आपापल्या परीने पुढे नेला. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना देण्यात आले. प्रकृतीमुळे ते तेथे उपस्थित राहू शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. गंगाधरपंतांची कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात घेण्यात आली आणि पानिपत कोठे आहे हे ज्यांना नकाशात शोधावे लागले, अशाही मुलांनी ती वाचली.