मानकाने मोकळ्या सोडलेल्या जागा

एका यंत्रावर बिनतक्रार चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर कोसळला, की दोष बहुधा त्या दुसऱ्या यंत्राला दिला जातो. माझं सांगणं असं, की अशा वेळी आधी मानक उघडावं आणि त्याने काय ठरवायचं सोडून दिलं आहे ते शोधावं. युनिक्सच्या शाखा फुटल्या होत्या, एकीकडे सिस्टिम फाइव्ह, दुसरीकडे बर्कलीची बीएसडी. या सगळ्यांवर एकच सोर्स कोड चालावा म्हणून १९८८ साली पॉझिक्स हे मानक आलं. ते तडजोडीतून घडलं, त्यामुळे जिथे एकमत झालं नाही तिथे निर्णय त्या त्या प्रणालीवर सोपवला गेला. प्रोग्राम फुटतात ते बऱ्याचदा अशाच जागी.

सी भाषेतही हेच आहे, आणि तिथला एक फटका मराठीला थेट बसतो. एका बाइटचा साधा कॅरेक्टर ऋण आकडे धरतो की नाही, हे भाषेच्या मानकाने कंपायलरवर सोडलं आहे. इंटेल प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये तो उणे १२८ ते १२७ असतो, एआरएमवरच्या लिनक्समध्ये ० ते २५५. इंग्रजी मजकुरात हा फरक दिसतच नाही, कारण ती अक्षरं १२७च्या आत बसतात. यूटीएफ-८ मध्ये मात्र देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, व्यंजन असो की मात्रा, तीन बाइटांचं असतं आणि तिन्ही बाइट १२७च्या वरचे. मग बाइटचा आकडा घेऊन २५६ खणांच्या तक्त्यात शोधणारा प्रोग्राम एआरएमवर बरोबर उत्तर देतो आणि इंटेलवर तक्त्याआधीची मेमरी वाचतो. म्हणून असा बाइट अनसाइन्ड म्हणून स्पष्ट जाहीर करावा आणि चाचणीचा मजकूर सुरुवातीपासून देवनागरीत ठेवावा. शेल स्क्रिप्टचंही तसंच. २००६ मध्ये उबुंटूने साध्या ‘एसएच’च्या जागी बॅश या शेलऐवजी डॅश बसवला आणि ‘एसएच’ मागून बॅशच्या खास सोयी वापरणाऱ्या स्क्रिप्ट मोडल्या. बॅशच्या त्या सोयी मानकात नव्हत्याच.

कंटेनर आल्यावर ही काळजी कशाला, असं विचारतात. कंटेनर लायब्ररी सोबत नेतो, पण कर्नल आणि प्रोसेसर यजमानाचेच राहतात. ॲपलने २०२० पासून मॅक एआरएमकडे नेले, तेव्हा इंटेलसाठी बांधलेल्या कंटेनर-इमेज तिथे अनुकरणाने, हळू चालवाव्या लागल्या. अल्पाइन लिनक्सच्या इमेजमध्ये तर सीची लायब्ररीच ग्लिबसीऐवजी मसल असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मानकापुरतंच राहिलं तर वेग हातचा जातो. हजारो नेटवर्क जोडण्या सांभाळायला लिनक्सचा ईपोल खरोखरच मानकातल्या ‘सिलेक्ट’पेक्षा सरस आहे, तो वापरू नये असं मी म्हणणार नाही. पण त्याचे कॉल सगळ्या कोडभर पसरू देऊ नयेत, एका फाइलीत कोंडून ठेवावेत. फ्रीबीएसडीवर जायची वेळ आली, की तेवढीच फाइल तिथल्या केक्यू या सोयीसाठी नव्याने लिहायची. आणि ती वेळ येण्याची वाट न पाहता पहिल्या आठवड्यापासूनच कोड दोन वेगळ्या प्रणालींवर आणि दोन वेगळ्या कंपायलरांनी बांधून पाहावा.