छत्रीला दोष देण्यापूर्वी

ऐन रोवणीच्या हंगामात, पावसाची झड लागलेली असता, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून चित्र नाहीसे होऊन केवळ ‘नो सिग्नल’ ही सूचना उरावी, हे भंडारा जिल्ह्यात घरावर छत्री बसविणाऱ्यांस नवीन नाही. परंतु पाऊस ओसरून ऊन पडल्यावरही ती सूचना हटेना, तेव्हा पवनीच्या आमच्या घरी जे घडले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे नमूद करतो.

पाचारण केलेल्या कारागिराने छतावर न चढताच सेट टॉप बॉक्स निकामी झाल्याचा निवाडा दिला, नवा बॉक्स आला, रक्कम रोख चुकती झाली, आणि पडदा पूर्ववत कोराच राहिला. पुढे शेजारच्या एका विद्यार्थ्याने केबलचे एलएनबीकडील, म्हणजे छत्रीसमोरील लहरी टिपणाऱ्या यंत्राकडील, टोक उघडले, तो जोडणीत पाणी शिरून मधली तार गंजलेली आढळली. तेवढे टोक छाटून नवा कनेक्टर बसविताच चित्र उमटले. जुना बॉक्स लावून पाहिला, तोही निर्दोष ठरला.

सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहापासून सुखरूप आलेल्या लहरी आपल्याच छतावर अडतात, याचे कारण असे की, एलएनबीला लागणारा 13 अथवा 18 व्होल्टचा विद्युत्दाब बॉक्समधून त्याच केबलने वर जातो. जोडणी गंजली की वरचे यंत्र बंद पडते आणि आळ मात्र खालच्या बॉक्सवर येतो.

यास्तव प्रथम टीव्हीवर योग्य एचडीएमआय निवडले आहे याची खातरजमा करावी. नंतर बॉक्सच्या मेनूत सिग्नलची तीव्रता व गुणवत्ता हे दोन आकडे पाहावेत. दोन्ही शून्य असल्यास केबल, कनेक्टर व एलएनबी तपासावे. तीव्रता असून गुणवत्ता नसल्यास छत्रीची दिशा ढळली असावी किंवा आड फांदी वाढली असावी. माकडांच्या उड्यांनीही छत्री हलते. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर असल्याने आपल्याकडील छत्रीचे तोंड आग्नेयेस हवे. काहीच वाहिन्या गायब असतील, तर पुन्हा स्कॅन करणे पुरेसे होते. मुसळधार पावसात थेंब या लहरी शोषून घेतात, आणि मार्च व ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या मागे आल्याने काही मिनिटे व्यत्यय येतो. या दोन्ही प्रसंगी थांबणे हाच उपाय होय.

पावसाळ्यापूर्वी बाहेरील जोडणीवर जलरोधक टेप गुंडाळावी, आणि पाणी कनेक्टरकडे न ओघळता खालीच ठिबकावे म्हणून केबलला जोडणीपाशी खाली झोळ ठेवावा. विजा चमकत असता छतावर कदापि जाऊ नये.

वाचकांस विनंती एवढीच की, ते दोन आकडे स्वतः पाहिल्यावाचून आणि छतावरील जोडणी उघडून घेतल्यावाचून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्या बॉक्सचे पैसे मोजू नयेत.