इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचे अपुरे संरक्षण

जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात पेशींचे लहान पुंजके विखुरलेले असतात. पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले. या पुंजक्यांतील ‘बीटा’ पेशी इन्शुलिन तयार करतात. १९२२ पासून रुग्णांना इन्शुलिन बाहेरून टोचून देता येऊ लागले; परंतु प्रौढपणी आढळणाऱ्या, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात या पेशी हळूहळू का खचतात, हा प्रश्न मागे उरलाच.

भट्टी पेटली की ठिणग्या उडणारच. पेशी प्राणवायूच्या साहाय्याने साखर जाळते, तेव्हा सुपरऑक्साइड हा दाहक पदार्थ तयार होतो. त्याच्या निवारणासाठी पेशीत विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी विशिष्ट प्रथिने असतात. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. पुढे कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे त्या पेरॉक्साइडचे पाणी करून टाकतात.

१९९६ मध्ये जर्मन संशोधकांनी उंदरांच्या विविध अवयवांची तुलना केली. तेव्हा स्वादुपिंडाच्या या पुंजक्यांत शेवटची दोन विकरे यकृताच्या मानाने फारच अल्प असल्याचे आढळले. शिवाय इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूत गंधकाचे तीन बंध असतात आणि ते जुळतानाही पेरॉक्साइड निर्माण होते. म्हणजे काम जोखमीचे आणि पहारा तोकडा! अर्थात ही उणीव निव्वळ दोष नव्हे. अल्प प्रमाणातील पेरॉक्साइड इन्शुलिन स्रवण्याचा संकेत म्हणून उपयोगी पडते, असे नंतरच्या संशोधनावरून दिसते.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की मात्र हा समतोल ढळतो. इन्शुलिनच्या जनुकाला चालना देणारी प्रथिने दुबळी होतात, इन्शुलिन घटते आणि साखर आणखी वाढते. प्रयोगशाळेत या पेशींमध्ये ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज वाढविले असता ही हानी कमी झाली.

यावरून जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मधुमेह टळेल, असा निष्कर्ष कोणी काढू नये. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या अमेरिकेतील स्त्रियांना सुमारे ९ वर्षे ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे आणि बीटा कॅरोटीन देऊन पाहण्यात आले. त्यामुळे मधुमेहाचे प्रमाण घटले नाही, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. खरा उपाय पेशींवरील भार वेळीच हलका करण्यात आहे. मिताहार, नियमित श्रम, वजनावर ताबा आणि वैद्यकीय सल्ल्याने घेतलेले औषध यांनीच तो साधतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार, २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी मधुमेही होते. ही पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रारंभी हा रोग सहसा दुखत नाही, म्हणूनच तपासणीची वाट पाहण्यात पेशींचे नुकसान होते. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षे व त्यावरील व्यक्तींची तपासणी केली जाते. गावातील अशा प्रत्येक व्यक्तीला त्या तपासणीपर्यंत पोहोचविणे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे.