मरणोत्तर जीवन : ख्रिस्ती श्रद्धा समजून घेताना

मृत्यू हा जीवनाचा शेवट नव्हे, यावर मुस्लिम आणि ख्रिस्ती या दोन्ही समाजांची श्रद्धा आहे. तरीही ख्रिस्ती श्रद्धेविषयी आपली माहिती बहुधा ऐकीव असते. ‘येशूवर विश्वास ठेवला की सारे माफ, मग कर्माची पर्वा नाही,’ असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच संवाद करावा, अशी दिव्य कुरआनची आज्ञा आहे (२९:४६). ज्याचे म्हणणे आपण नीट जाणूनच घेतले नाही, त्याच्याशी उत्तम संवाद कसा होणार? म्हणून प्रथम ख्रिस्ती श्रद्धा तिच्याच मांडणीनुसार पाहू.

हजरत इसा (अ.) यांच्या काळी यहुदी समाजात या प्रश्नावर दोन तट होते. परूशी पुनरुत्थान मानीत, सदूकी ते नाकारीत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात सदूकींनी विचारलेले एक कोडे आहे : एका स्त्रीचे एकामागून एक सात भावांशी लग्न झाले, तर पुनरुत्थानानंतर ती कोणाची पत्नी? त्यांना ईश्वराच्या सामर्थ्याची ओळखच नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. कुजलेल्या हाडांना कोण जिवंत करील, असे विचारणाऱ्या मक्केतील नाकारणाऱ्यांनाही कुरआनने अल्लाहच्या सामर्थ्याचीच आठवण करून दिली (३६:७८-७९).

ख्रिस्ती श्रद्धेचा खरा आधार मात्र याहून वेगळा आहे. येशू ख्रिस्त क्रूसावर मरण पावले आणि तिसऱ्या दिवशी उठले, असे ख्रिस्ती लोक मानतात. हे घडले नसेल तर आपली सारी श्रद्धा व्यर्थ आहे, असे पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात स्पष्टपणे सांगतो. तेथेच तो पेरलेल्या बीजाचा दृष्टान्त देतो : नश्वर देह पेरला जातो, अविनाशी देह उठतो. म्हणजेच ख्रिस्ती श्रद्धा केवळ आत्म्याच्या अमरत्वाची नाही, ती देहाच्या पुनरुत्थानाचीही आहे. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी निगडित असलेल्या श्रद्धाप्रकटनात मृतांचे पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगाचे जीवन यांचा उल्लेख आहे. ते आजही अनेक चर्चमध्ये उपासनेत म्हटले जाते.

मृत्यू आणि पुनरुत्थान यांमधील अवस्थेबाबत मात्र पंथापंथांत मतभेद आहेत. कॅथलिक पंथ शुद्धिस्थान मानतो; मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो आणि २ नोव्हेंबर हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी पाळतो. प्रोटेस्टंट पंथांनी शुद्धिस्थानाची शिकवण नाकारली. मृत मनुष्य पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतो, असे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मानतात. आपल्याकडील ‘बरजख’ ही संकल्पना याच मधल्या काळाविषयी आहे.

आता कर्मांविषयी. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात अंतिम न्यायाचे वर्णन आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याची विचारपूस यांवर तेथे निवाडा होतो आणि गरजवंताची केलेली सेवा ही न्यायाधीशाचीच सेवा ठरते. ‘सहीह मुस्लिम’मधील एका हदीसमध्येही न्यायाच्या दिवशी अल्लाह माणसाला आजाऱ्याच्या, भुकेल्याच्या आणि तहानलेल्याच्या उपेक्षेचा जाब विचारील, असे आले आहे. तेव्हा ‘कर्माची पर्वा नाही’ हा आरोप न्याय्य ठरत नाही.

मग मूलभूत फरक कोठे आहे? तो पुनरुत्थानाच्या आधारात आणि पापाच्या ओझ्यात आहे. येशूंच्या मरणाने मानवाच्या पापांचे प्रायश्चित्त झाले, असे ख्रिस्ती मानतात. कुरआननुसार इसा (अ.) यांना क्रूसावर मारण्यात आले नाही; अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले (४:१५७-१५८). तसेच कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही (६:१६४). इस्लामी दृष्टीने परलोकाचा आधार अल्लाहचे सामर्थ्य आणि त्याचा न्याय हा आहे. पापी माणूस थेट त्याच्याकडे तौबा करतो. मध्ये बलिदानाची आवश्यकता नाही.

परंतु यावरून कर्मांचा अहंकार बाळगणे हीदेखील चूक होय. केवळ कर्मांच्या बळावर कोणीही जन्नतमध्ये जाणार नाही, अल्लाहची कृपा झाल्याशिवाय आपणही नाही, असे खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. कर्म करावयाचे आणि आशा मात्र कृपेची ठेवावयाची, हीच मोमिनाची वृत्ती होय.

एका यहुदी व्यक्तीची अंत्ययात्रा जाताना प्रेषित (स.) उभे राहिले. ती यहुद्याची असल्याचे सांगितले गेले, तेव्हा तोही एक जीवच होता याची त्यांनी आठवण करून दिली. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी मृत्यू घडला तर आपले पहिले कर्तव्य यातून स्पष्ट होते. त्या कुटुंबाचे सांत्वन करावे, हाताला हात लावावा. श्रद्धांमधील फरकाची चर्चा त्यांनी विचारले तर करावी, आणि तीही जाणून घेऊन करावी.