सर्वांना सारखे म्हणजे न्याय का?



“त्यालाच पेपराला जादा वेळ का? आम्हाला का नाही?” शाळेत मुले हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र मोठ्यांनी उत्तर दिले नाही, तर मुले आपले उत्तर शोधतात आणि ते बहुधा चिडवण्याचे असते.

सर्वांचे मेंदू एकाच पद्धतीने चालत नाहीत. या विविधतेला ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ म्हणतात. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला वाचन-लेखन कष्टाचे जाते; त्याची बुद्धी कमी नसते. एडीएचडी असलेल्या मुलाला लक्ष एकाग्र करणे वा स्वस्थ बसणे कठीण जाते. तो खोडसाळपणा नव्हे. स्वमग्न मुलाला गोंगाट किंवा अचानक झालेला बदल असह्य होऊ शकतो.

आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता व अध्ययन अक्षमता या दोहोंचा समावेश आहे. परंतु कायद्याने सवलत मिळते, वर्गमित्रांची समज मिळत नाही. ती शिकवावी लागते.

स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठाने त्यासाठी ‘लीन्स’ नावाचा अभ्यासक्रम तयार केला. ८ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी असलेला हा अभ्यासक्रम २०२२ साली विनामूल्य खुला झाला. त्यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात.

१. धडा सबंध वर्गासाठी असतो. एका मुलाकडे बोट दाखवून “हा वेगळा आहे, सांभाळून घ्या” असे सांगायचे नसते. काल्पनिक वर्गाच्या गोष्टींतून मुले शिकतात. कोणाला आपले निदान उघड करावे लागत नाही.

२. ‘हे न्याय्य आहे का?’ या प्रश्नावर मुलांशी मोकळेपणाने चर्चा होते.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. जेवताना आई धाकट्याला काटे काढून मासळी देते, थोरल्याला तशीच वाढते. त्याला आपण पक्षपात म्हणत नाही. दोघांचेही पोट भरावे, हाच हेतू असतो. जादा वेळेचेही तसेच आहे. त्याने गुण फुकट मिळत नाहीत. येत असलेले उत्तर लिहून पुरे करता येते.

समजून घेणे म्हणजे सर्व काही खपवून घेणे नव्हे. मारले तर “मारू नकोस” हे प्रत्येकाला सांगायचेच. पण तो का चिडला हेही विचारायचे.

घरी चर्चेसाठी : तुमच्या वर्गात मधल्या सुट्टीत एकटे कोण बसते? का?