पुरतंय की नाही, हे वजनकाट्याला विचारा

‘दूध पुरत नाही’ हा निकाल आपल्याकडे फार पटकन लागतो. संध्याकाळी बाळ तासभर किरकिरलं की सासूबाई, शेजारच्या बेन, वरच्या मजल्यावरच्या भाभी, सगळ्यांचं यावर एकमत होतं. एरवी आमच्या सिल्वासाच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या मोटरीवरूनसुद्धा एकमत होत नाही.

आमचं गाव धुळ्याकडचं, नवरा इथल्या एका यार्न कंपनीत. मुलगी झाली ती मे महिन्यात, एका खासगी दवाखान्यात. घरी निघताना औषधांच्या पिशवीत पावडरच्या दुधाचा छोटा डबा आला. ‘असू द्या, लागलाच तर.’ बाळाच्या दुधाच्या पावडरीचे असे फुकट नमुने वाटायला, तिची नि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंदी आहे. 2003 मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. कायदा काही म्हणो, घरात डबा आला की तो लागतोच.

आणि तो लागला. संध्याकाळची रड आणि त्यात आमच्याकडचा उकाडा! ‘पोरीला तहान लागली असेल गं,’ असं दिवसातून कितीदा तरी ऐकायला यायचं. अंगावरच्या दुधात शंभरातले साधारण 88 भाग पाणीच असतं. म्हणून भर उन्हाळ्यातही सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वेगळं पाणी लागत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत संध्याकाळी बाळ सारखं सारखं प्यायला मागतं. त्याच्या त्या ओढण्यानेच दुसऱ्या दिवशीचं दूध वाढतं. त्या वेळी बाटली दिली की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी येतं. मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

छोटा डबा संपला, मोठा आला. त्याची किंमत पाहिल्यावर घरात काटकसर सुरू झाली. डब्यावर लिहिलं होतं, 30 मिलीलीटर पाण्याला सपाट एक माप. आमच्या स्वयंपाकघरात तेच एक माप हळूहळू 60 मिलीलीटरला पुरायला लागलं. बाटली भरलेली दिसायची, मुलगी ती संपवून गाढ झोपायची, लंगोटही भिजायचे. घरात समाधान होतं.

दीड महिन्याच्या लसीच्या वेळी अंगणवाडीत वजन केलं, तर काटा मागच्या वजनापासून जेमतेम हललेला. आशाताईंनी कोणाला दोष दिला नाही. ‘बाटली दाखवा’ म्हणाल्या, आणि ती दारातल्या उजेडात धरली. आतलं दूध तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं होतं, पलीकडची त्यांची बोटं दिसत होती. त्यांनी घरातल्या सगळ्यांना ती एकदा बघायला लावली, तेवढ्याने काम झालं.

म्हणून नव्या आयांना मी सांगते, बाळाच्या रडण्यावरून दूध मोजू नका. आपल्या छातीच्या जडपणावरून नको आणि पिळून किती निघालं यावरूनही नको. बाळ निव्वळ अंगावर असेल तर पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी व्हायला हवी. मात्र वरचं काही, अगदी पाणीसुद्धा, सुरू केलं की हा हिशोब फसवा होतो. आमचे भिजलेले लंगोट तसेच फसवे होते. खरं सांगतो तो वजनकाटा. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, त्याला घाबरायचं नाही. पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि मग वाढत राहायला हवं. आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात, त्या खेपा चुकवू नका. भाड्याच्या खोलीतल्या, परगावाहून आलेल्या कुटुंबाचं नाव कोणाच्या यादीत नसतं, हे आमच्या इंडस्ट्रियल भागातलं दुखणं आहे. अंगणवाडीत जाऊन आपणच नाव घालायचं.

पुढे आमची बाटली सुटली, पण एका दिवसात नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पावडर थोडी थोडी कमी केली, दरवेळी आधी अंगावर घेतलं, रात्रीचं पाजणं चुकवलं नाही. सगळ्यात मोठा फरक पडला तो बाळ धरण्याने. नुसती बोंडशी तोंडात देऊन चालत नाही, भोवतालचा काळा भागही बराचसा आत जायला हवा. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला. हे सिव्हिल हॉस्पिटलमधल्या नर्सबाई पाच मिनिटांत समोर बसून दाखवतात. फोनवरचे व्हिडिओ बघण्यापेक्षा ते बरं. पावडर काही विष नाही. डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिली तर द्यावी, पण उकळलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापाने, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने. बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही, हे कितीही स्वच्छ घर असलं तरी खरं.

बाळ उठतच नसेल, ओढायला निरुत्साही वाटत असेल, अंग गरम किंवा गार लागत असेल, तर वजनाची वाट बघत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

सहा महिने झाले की घरातला तोच पातळपणा दुसऱ्या रूपात परत येतो, डाळीच्या पाण्याच्या. वरचं पाणी बाळाला आणि खालची डाळ बाकीच्यांना! सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा सरत आलेला असतो आणि नुसत्या दुधावर भागत नाही. अशा वेळी पिवळ्या पाण्याने पोट भरलं तर ते दूधही कमी पितं. चमचा कलता केला तरी ओघळू नये इतकं घट्ट हवं. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, वर अर्धा चमचा तेल किंवा तूप, आणि अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा पुढेही. खानवेल-दुधनीच्या डोंगरात नागली पिकते. ती भिजवून मोड आणावेत, सावलीत वाळवून दळावी, वस्त्रगाळ करावी. त्यात भाजलेल्या मुगाचं पीठ घातलं की कुठल्याही महागड्या डब्याची गरज उरत नाही. अंडं खाणाऱ्या घरात अंडंही द्यावं. मध मात्र वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये, त्यातून बाळाला बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. आशाताई लोहाचं औषध देतात, ते आठवड्यातून दोनदा एक मिलीलीटर. घरोघरी फ्रिजवर ती बाटली भरलेली दिसते.

शेवटी कंपनीत जाणाऱ्या बायकांसाठी. मातृत्वाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे आहे, म्हणजे जवळपास तेच सहा महिने. त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. तब्येत साथ देत असेल तर आधीचे कमी घ्या, नंतरचे जास्त उरतील. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसाला दोन जादा सुट्ट्या मिळतात, आणि पन्नास किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे पाळणाघर हवं. घरी बाळासाठी दूध काढून ठेवणार असाल तर इथल्या उकाड्यात चार तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. सुपरवायझरला तोंडी विचारलं तर ‘बघू’ असं उत्तर येतं. एचआरकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.