हा प्रश्न आईला विचारू नका

बाळाच्या रिपोर्टवर 'डाऊन सिंड्रोम' आलं की घरातलं पहिलं बोट बहुतेक वेळा आईकडे वळतं. ग्रहणात बाहेर पडली होती का? तिच्या माहेरी कुणी 'असं' आहे का? बाबा, ही चौकशी तुम्हीच थांबवायची, आणि तीही चारचौघांत. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आल्या, एवढंच झालंय. १९५९ पासून हे माहीत आहे. १०० पैकी सुमारे ९५ मुलांत हे पेशी विभागताना आपसूक घडतं. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं, पण पंचविशीतल्या आयांनाही अशी मुलं होतात. क्वचित मात्र गुणसूत्राचा तुकडा आईकडून किंवा बाबांकडून आलेला असतो. म्हणून कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट जपून ठेवा आणि दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी जनुकतज्ज्ञांना दाखवा.

आता कामाचं बोलू. यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि नुसत्या स्टेथोस्कोपने तो कळेलच असं नाही. बाळ गुटगुटीत दिसलं तरी पहिल्या महिन्यातच एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. ऑपरेशन सांगितलं, तर 'जरा मोठं होऊ दे' म्हणत वेळ घालवू नका. थायरॉइड जन्मल्यावर, सहाव्या महिन्यात, वर्षाचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी तपासा. कानही तपासा. कानात पाणी साठून ऐकू कमी येतं आणि घरचे म्हणतात, "त्याला समजतच नाही!"

या बाळांचे स्नायू सैल असतात. अंगावर पिताना ओठांच्या कडेने दूध ओघळतं, चार घोट घेतले की बाळ दमून झोपतं. त्याला जरा उभट धरा, हनुवटीखाली बोटाचा आधार द्या, थोडं थोडं पण वरचेवर पाजा. मान धरणं, बसणं, चालणं उशिराच होईल. दोन वर्षांनी पाऊल टाकलं तरी घाबरू नका. व्यायाम मात्र पहिल्या महिन्यांतच सुरू व्हायला हवा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तो मोफत शिकवतात.

लाडाचं काय? माझं मत कडक आहे. चप्पल घालायला त्याला दहा मिनिटं लागत असतील तर लागू देत. आजीने धावून जाऊन पाय धरायचे नाहीत. या मुलांना बोलता येतं त्याहून बरंच जास्त समजतं, तेव्हा त्याच्यादेखत "बिचारा" म्हणू नका. आणि थोरल्या ताईला "आमच्यामागे तूच आहेस" हे तिच्या दहाव्या वर्षी ऐकवू नका. त्याची सोय तुम्ही करा: दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, १ लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा, आणि अठराव्या वर्षानंतर गरज पडली तर कायदेशीर पालकत्व.

एकोची वेळ याच आठवड्यात घ्या. आणि हो, बारसं ठरल्या दिवशीच करा. सगळ्यांना बोलवा, बाळाला सगळ्यांच्या मांडीवर द्या.